गरव्या दुआनचा मध

आमच्या छांगबाई डोंगरातल्या जंगलात दुआनची झाडं फुलली, की मधमाश्या पाळणाऱ्यांना जेवणाची शुद्ध राहत नाही. वर्षाचा मध याच झाडांवर. आधी फुलतो हळवा दुआन, तो सरला की वरच्या उतारावरचा गरवा.

लुआन फेंगछिन माझी शेजारीण. तिचा नवरा गेला आणि धाकटा दीर देशान तिच्या मधमाश्यांच्या पेट्यांवर डोळा ठेवून आला.

"वहिनी, हे बाईमाणसाचं काम नव्हे. हा हंगाम करून बघा. मध निघाला नाही, तर पेट्या माझ्या."

घरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं माश्यांचं सगळं तीच बघायची. नवरा पत्ते कुटत बसायचा!

हळवा फुलला तसं देशानने स्वतःच्या पेट्यांचा मध काढायला यंत्र गरागरा फिरवायला घेतलं. पिल्लं असतात त्या खालच्या खणातलाही मध त्याने उपसला. फेंगछिनने फक्त वरचे खण रिकामे केले.

"खालचा काय लोणच्याला ठेवलाय, वहिनी?"

"माश्यांची शिदोरी आहे, भावजी. जरा वर आभाळ बघा."

"आभाळ नंतर बघू, आधी माझे डबे बघा!"

आणि पावसाने झड लावली. हळव्याची फुलं झडून गेली. देशानच्या पेट्यांपुढे उपाशी माश्यांचा खच पडला. साखरेचा पाक घेऊन तो धावला, पण फार उशिरा. बाकीचे लोक पेट्या ट्रकवर चढवून सूर्यफुलांकडे निघून गेले. फेंगछिन हलली नाही. उतारावरच्या म्हाताऱ्या दुआनला तिने लाल फडकं बांधलं, डोंगरदेवापुढे वाफवलेले पाव ठेवले आणि त्यालाच दम भरला, "यंदा फुलवलं नाहीस, तर पुढच्या वर्षी पाव विसर."

पाऊस उघडला. गरवा असा फुलला, की उतारभर नुसता गुंजारव! शिदोरीवर तगलेल्या तिच्या माश्या सकाळीच त्यावर तुटून पडल्या. काही दिवसांत वरचे खण मला आणि तिला मिळूनही उचलेनात. आनंदाने मी तर चक्क रडले.

एका सकाळी देशान आला. पाठीवर स्वतःचं यंत्र, मान खाली.

"पेट्या तुमच्याच, वहिनी. तुमचं एक यंत्र पुरायचं नाही. फिरवू लागू?"

फेंगछिनने त्याच्यापुढे मधाने भरलेल्या पोळ्यांच्या चौकटी ठेवल्या.

"फिरवा. आणि हंगाम सरला, की तुमच्या रिकाम्या पेट्या घेऊन या, माश्या वाटून देईन. पण भावजी, खालच्या खणाला हात लावलात तर याद राखा."