आईची ऐकायची पुस्तकं

नजर गेल्यापासून आई फोनवर पुस्तकं ऐकते. काल तिला नवा फोन घेतला आणि विकत घेतलेली सगळी पुस्तकं दिसेनाशी झाली. "गेली का गं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. कपाटातलं पुस्तक हरवलं तर घर तरी धुंडाळता येतं. ही कुठे शोधायची? जिथून ती घेतली होती, त्या ऑनलाइन दुकानाला माझ्या फोनवरून कॉल केला आणि आईची अडचण सांगितली.

"ताई, घाबरू नका, जुनं खातं जोडून देते," पलीकडची मुलगी म्हणाली. थोड्या वेळाने नव्या फोनवर वाचणाऱ्याचा आवाज आला. आभार मानून मी फोन ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा, आजींना नीट ऐकू येतंय का विचारा ना."

मी आईला विचारायला गेले, तर तिने ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं.