तपकिरी काठ

काप-मावशी हे नाव आम्ही प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांनीच पाडलेलं. मेणात बसवलेल्या उंदरांच्या आतड्यांचे ती काप काढायची, इतके पातळ की शिंक आली तरी उडून जातील. काचपट्टीवर खूण पेन्सिलीनेच करायची, कारण शाई औषधात धुऊन जाते. बावीस वर्षांत एक पट्टी इकडची तिकडे झालेली नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची.

तान्ह्या पिल्लाचं आतडं दुधापुरतंच तयार असतं. पुढे दाणे पचवायला लागणाऱ्या विकराचं जनुक तोवर एका प्रथिनाने दाबून ठेवलेलं असतं; दूध सुटायच्या सुमारास ते प्रथिन बाजूला होतं. आमच्या सरांनी काही पिल्लांच्या आतड्यातून हे प्रथिनच काढून टाकलं होतं. आठवड्याभराने थोडाफार फरक दिसेल, अशी त्यांची अटकळ होती. मावशीने एक दिवसाच्या पिल्लाचा काप रंगवला, तर ते विकर दाखवणारा तपकिरी रंग आतड्याच्या आतल्या काठभर उमटला.

"हा मोठ्या उंदराचा काप आहे," सर म्हणाले. "पट्ट्यांची अदलाबदल केलीत तुम्ही. पुन्हा करा, माझ्यासमोर. आता चुकलात तर हे टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल."

मावशीचा चेहरा पडला. मला सरांचा असा संताप आला की हातातली बाटली आपटावीशी वाटली.

पिल्लू निवडायला मी तिच्यासोबत प्रथिन काढलेल्या पिल्लांच्या पिंजऱ्याकडे गेले. त्या वयात कातडीतून पोटातलं दूध दिसतं. सगळ्यांची पोटं पांढरीशुभ्र, टच्च भरलेली, आणि वजन मात्र कालच्यापेक्षा कमी. काल सात होती, आज सहा. सातव्याचं हाड नाही की कातडं नाही. आई शांतपणे मिशा पुसत होती.

निवडलेल्या पिल्लाच्या आतड्याचा नमुना सरांनी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद ठेवला. तिसऱ्या दिवशी मावशीने काप काढला, रंग सोडला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. काठ हळूहळू तपकिरी होत गेला.

"चूक माझी, मावशी," सर म्हणाले. "टेबल तुमचंच."

तोंडाने ती फटकळ, आता सरांची खरडपट्टी काढणार असं मला वाटलं. पण ती उठून पिंजऱ्याकडे गेली. तिथे तीन उरली होती, तिन्ही आईला लुचत होती.

"पितात, पण आतडं आताच दाण्यांचं झालंय, दूध अंगी लागत नाही," ती म्हणाली. "मी चुकले असते तर जगली असती गं ही."