टाचेवर नेम

डॉ. टिपणीस काका माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघत. आधी बूट. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत पहिल्या भेटीत मी नमस्काराला वाकलो, तर तेही वाकले. वाटलं, केवढी ही नम्रता! ते माझ्या बुटाची टाच तपासत होते. "बाहेरून झिजलीय. तिरका चालतोस. डोकंही तसंच चालत असणार." निदान अचूक होतं, हे मराठी मंडळाला त्याच वर्षी कळलं.

काका हाडांचे सर्जन, नुकतेच रिटायर झालेले, बायपास झालेले. "खरं मरण्याआधी एकदा स्टेजवर झोकात मरायचंय," एवढीच त्यांची इच्छा. म्हणून गणेशोत्सवासाठी त्यांनी अकिलिसवर नाटक लिहिलं आणि बरीच शोधाशोध करून नायक म्हणून स्वतःची निवड केली. अकिलिस म्हणजे ग्रीकांचा महावीर. आईने तान्हेपणी टाच धरून नदीत बुडवलेला, त्यामुळे टाच सोडून सगळं अंग अभेद्य. आमच्या महावीराला सुबक ढेरी होती आणि त्यावर चिलखत होतं गाडीच्या काचेला लावायच्या चंदेरी सनशेडचं.

"टाचेला बाण लागून कोणी मरत नाही रे," ते तालमीत म्हणत. "सहा आठवडे प्लास्टर, बस्स. हा मेला हट्टाने."

तो बाण मारणारा राजपुत्र मी. बाण मुलांच्या खेळण्यातला, टोकाला रबरी वाटी. तालमीत एकदाही नेम लागला नाही. पण आम्ही सॉफ्टवेअरवाले. टेस्टिंगमध्ये न चाललेली गोष्ट थेट प्रयोगात चालेल, ही आमची श्रद्धा.

प्रयोगात पहिला बाण काकांच्या ढेरीला चिकटला. मी सुटकेचा श्वास सोडला, पण काका मरेनात. त्यांनी बाण उपटून माझ्या हातात दिला. "इथे अभेद्य आहे. पुन्हा मार." दुसरा बाण गणपतीपुढच्या मोदकांत गेला. विंगेतून काकू कुजबुजल्या, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, "अहो, मरा ना आता! भात गार होतोय!"

"चुकीच्या जखमेने मी मरणार नाही!" काका गरजले. "खोट्या सर्टिफिकेटवर आयुष्यात सही केली नाही!"

तिसरा बाण माझ्याच पायाशी पडला. काका शांतपणे आले, तो उचलला, रबराला थुंकी लावून स्वतःच्या टाचेला चिकटवला आणि कोसळले. मग स्वगतासह चांगली दहा मिनिटं मेले. टाळ्या थांबेनात. घाई करणाऱ्या काकूच पदराने डोळे पुसत होत्या.

दोन हिवाळ्यांनी त्यांना पुन्हा अटॅक आला. मी हॉस्पिटलात गेलो, तर आधी माझे बूट बघितले. मग म्हणाले, "तोंड का पाडलंयस, रव्या? यमाला सांगून ठेवलंय, बाण याच्याच हातात द्या. शंभर वर्षं जगतो बघ."

त्यानंतर मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्या पायथ्याशी बसायचो. न जाणो, उपयोग होत असला तर! चौथ्या आठवड्यात ऑफिसने मला तीन दिवसांसाठी रेडमंडला पाठवलं. काकूंचा फोन आला तेव्हा मी तिथल्या पार्किंग लॉटमध्ये पावसात उभा होतो.

बाण दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती गेला होता, आणि पहिल्याच झटक्यात लागला होता.