कोपराचं माप

स्वतःच्या घराच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायची माणसाला लाज वाटावी, असं कुठं असतं का? पण अमरावतीत वलगाव रोडवरच्या एका नव्या लेआउटमध्ये खुशालराव राहतात, त्यांचं तसं झालं आहे. प्यायला पाणी हवं असलं तरी ते समोरच्या खोलीतूनच हाक मारतात. घर त्यांनी स्वतः बांधलं. म्हणजे विटा काही त्यांनी रचल्या नाहीत, पण ठेकेदार नाही, इंजिनीअर नाही, सगळं आपल्या डोक्यानं. आणि घोळ तिथंच झाला.

खुशालराव बाजार समितीत मापारी होते. तूर, सोयाबीन, हरभरा, जो माल येईल तो काट्यावर चढवायचा आणि वजन मोठ्यानं पुकारायचं. चौतीस वर्षं हेच केलं. शेतकरी आणि व्यापारी एकमेकांवर डोळे वटारून उभे असत, पण खुशालरावांनी आकडा पुकारला की दोघंही गप्प बसत. या गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि खोटं कशाला बोला, तो रास्तही होता. फक्त निवृत्त झाल्यावर माणसानं काटा तिथंच ठेवून यावा. खुशालराव तो सोबत घेऊन आले.

एवढी वर्षं संसार भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. कौशल्याबाईंनी सगळा स्वयंपाक खाली बसून केला. पोळ्या लाटल्या, लोणची घातली, मुलगी आचल हिचं लग्न त्या दोन खोल्यांतून लावून तिला अकोल्याला धाडलं. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, आता खाली बसणं बंद. त्या दिवशी ऑटोत बसल्याबसल्या खुशालराव बायकोला म्हणाले, "घर बांधून टाकू आपण. तुले उभ्याचा ओटा करून देतो." कौशल्याबाईंनी त्या घराकडून दुसरं काहीच मागितलं नाही. देवघर कुठं, खिडक्या किती, रंग कोणता, काही नाही. उभ्यानं स्वयंपाक करता आला म्हणजे झालं.

झालं, खुशालरावांनी कंबर कसली. मोबाइलवर घरबांधणीचे व्हिडिओ पाहून पाहून डोळे लाल केले. काळी माती खणून खाली मुरूम लागेपर्यंत ते खड्ड्याच्या काठावरून हलले नाहीत. रेती हवी तेव्हा रेती नाही, आणि रेती आली तेव्हा गवंडी भाच्याच्या लग्नाला मूर्तिजापूरला. प्लास्टर वाळलं आणि वायरमनला आठवलं की पंख्याचा पॉइंट राहिला. बाथरूमचं दार आत उघडलं की बादलीला लागायचं, ते काढून उलटं बसवलं. असं काही झालं की खुशालराव दोन दिवस चिडचिड करत आणि तिसऱ्या दिवशी पानठेल्यावर तीच गोष्ट फुशारकीनं सांगत. निंबाखाली लाल प्लास्टिकची खुर्ची टाकून आठ महिने त्यांनी तिथं राज्य केलं.

कौशल्याबाईंनी एकदा डबा भरता भरता विचारलं होतं, "मी येऊ का आज? पाहून येते जरा."

"काय पाहशीन तिथं? धूळ?" खुशालराव म्हणाले. "झालं म्हणजे पाहजो."

पुन्हा त्यांनी विचारलं नाही. इकडं पानठेल्यावर खुशालरावांचं एक वाक्य ठरलेलं होतं, की बायका साइटवर आल्या की भिंती सरकवाव्या लागतात. लोक हसत. हसणाऱ्यांच्याही घरी बायका होत्याच.

मिस्त्री होते वलगावचे अब्दुल सत्तार. पिकलेली दाढी, कमी बोलणं, आणि हातात चाळीस वर्षांची थापी. ओटा बांधायची त्यांची एक रीत होती. घरच्या बाईला बोलवायचं, अनवाणी भिंतीजवळ उभं करायचं, कोपरात हात वाकवायला सांगायचं आणि कोपराच्या चार बोटं खाली पेन्सिलीनं रेघ मारायची. तेवढाच ओटा. ना इंच, ना फूट.

"खुशालभाऊ, उद्या भाभीले घेऊन या," सत्तार मिस्त्री म्हणाले. "ओट्याचं माप घ्याचं हाय. दोन मिनटाचं काम."

"माप मी सांगतो ना. अडतीस इंच घ्या." खुशालरावांनी आपल्या पट्ट्याच्या बक्कलवर हात ठेवून दाखवलं. एका व्हिडिओत असाच उंच, चकचकीत ओटा त्यांनी पाहिला होता. स्वतः ते सहा फुटांना दोन बोटं कमी.

"अडतीस लई होते भाऊ. भाभी किती उंच हायेत?"

खुशालरावांनी हात हवेत धरला. छातीपाशी धरला, मग थोडा वर नेला, मग पुन्हा खाली आणला. छत्तीस वर्षं जिच्यासोबत काढली तिची उंची त्यांना दाखवता येईना. विटा वाहणाऱ्या दोघी बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आता खुशालरावांचं डोकं फिरलं.

"तिले काय समजते बांधकामातलं? अन् चौतीस वर्षं मापारी होतो मी. मापाचं मले शिकवू नका मिस्त्री."

सत्तार मिस्त्रींनी पेन्सिल कानामागं खोचली. ओटा अडतीस इंचांचा झाला, वर ग्रॅनाइट बसून एकोणचाळीस.

वास्तूच्या दिवशी कौशल्याबाईंनी ते घर पहिल्यांदा पाहिलं. पूजा आटोपली. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे खुशालरावांनी मिस्त्रींना टोपी-दुपट्टा केला, शर्ट-प्यांटचं कापड दिलं, सत्तारांच्या घरून नईमाभाभी आल्या होत्या त्यांनाही कापड दिलं. आणि मग आतून हाक आली, दूध उतू घालवायची वेळ झाली म्हणून. नव्या घरात नव्या शेगडीवर दूध उतू जातं, ते सगळ्यांनी पाहायचं असतं.

स्वयंपाकघराच्या दारात बायकांची गर्दी. ओट्यावर शेगडी, शेगडीवर दुधाचा उभट गंज, आणि कौशल्याबाईंची हनुवटी जेमतेम गंजाच्या बुडाशी. त्या टाचा उंचावून पाहत होत्या, पण दूध दिसत नव्हतं. पदर जाळाच्या जवळ जाऊ लागला तशी आचल ओरडली. तिनं इकडं तिकडं पाहिलं, जिन्याखाली पडलेलं सिमेंटचं घमेलं आणलं, पालथं घातलं आणि आईला त्याच्यावर उभं केलं. नवी पैठणी नेसलेली घरधनीण पालथ्या घमेल्यावर उभी राहिली, आणि दूध उतू गेलं.

खुशालरावांच्या थोरल्या बहिणीचं, रुख्मिणीबाईचं, तोंड कोणी धरलंय? "अवं बाप्पा! हा ओटा हाय का माळा?"

घर हसण्यानं भरून गेलं. कोणीतरी विचारलं, "कोणाच्या मापानं बांधला हो हा?"

सगळ्यांचे डोळे खुशालरावांकडं वळले. त्या एका क्षणात माणूस काय काय करू शकला असता. हसून "माह्या मापानं" म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणखी एक हशा झाला असता, बस. पण खुशालरावांच्या तोंडून निघालं, "मिस्त्रीनं चुकवलं. मी बत्तीस सांगितलं होतं."

सत्तार मिस्त्री मागंच उभे होते. खांद्यावर नवाकोरा दुपट्टा, डोक्यावर टोपी. नईमाभाभींनी नवऱ्याकडं पाहिलं. मिस्त्रींनी खाली पाहिलं. चाळीस वर्षं थापी धरलेला कारागीर, वलगाव ते अमरावती त्याच्या हातचे ओटे, आणि त्याला भरल्या घरात, दुपट्टा घातल्यावर पाच मिनिटांत, खोटं पाडलं. खुशालरावांना आपलेच शब्द ऐकू आले आणि कान तापले. पण बाण सुटला होता.

तेवढ्यात घमेल्यावरून आवाज आला. "मिस्त्रीची काही चूक नाही. मीच सांगितलं होतं उंच करा म्हणून. वाकलं की कंबर दुखते माही."

मग काय, सगळा मोर्चा कौशल्याबाईंवर वळला. दिवसभर जी बाई आली तिनं तो ओटा पाहिला आणि कौशल्याबाईंना टोमणा मारला. उंची पाहून तरी सांगायचं होतं, कौशल्या काही सुधारत नाही, एवढी शहरात राहून शेवटी भोळी ती भोळीच. कौशल्याबाई हसत हसत वाढत होत्या. सत्तार मिस्त्रींना त्यांनी आग्रहानं दुसऱ्यांदा वरण वाढलं. खुशालराव पानावरून अर्धवटच उठले. वरचा मजला चढवायचा विषय कोणी काढला तर त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि उगाच गेटपाशी जाऊन उभे राहिले.

चार दिवस त्यांनी कसेबसे काढले. पाचव्या दिवशी गाडीला किक मारली आणि सत्तार मिस्त्रींचं काम चालू होतं तिथं गेले. मजुरांच्या देखत हात जोडले. "मिस्त्री, मी खोटं बोललो. माफ करा. अडतीस मीच सांगितलं होतं."

मिस्त्रींनी थापी धुतली, बाजूला ठेवली. "माहं जाऊ द्या भाऊ. लोकायले माहीत हाय मी कसा बांधतो ते."

"ओटा फोडून टाकू. नवा करा. उद्याच या."

"येतो ना. पण आधी भाभीले इचारा."

"हो, हो," खुशालराव म्हणाले, आणि गाडीवर बसले. वाटेत त्यांना फार हलकं वाटत होतं. परक्या माणसासमोर, मजुरांच्या देखत हात जोडले होते, हे काही थोडकं नव्हतं. आता बायकोचे आभार मानले की झालं, असा त्यांचा हिशेब होता. केवढी माउली! भरल्या घरात नवऱ्याचं नाक कापलं जात होतं, तिनं आपल्या अंगावर ओढून घेतलं.

घरी आले तर कौशल्याबाई स्वयंपाकघरात खाली बसल्या होत्या. एक पाय लांब पसरलेला, पुढ्यात परात, कणीक मळणं चाललेलं. डोक्याच्या वर तो काळा कुळकुळीत ओटा. पाच दिवसांत खुशालराव पहिल्यांदाच या दारात उभे राहिले होते.

"मिस्त्रीची माफी मागून आलो," ते म्हणाले. "उद्या येऊन राहिले ते. ओटा फोडून टाकतो. सारं ठरवून आलो."

"ठरवूनच आले?" कौशल्याबाईंनी वर पाहिलं नाही. "बरं."

त्या 'ठरवूनच'मधला टोला खुशालरावांना कळला, पण उशिरा कळला. "आचलची आई, त्या दिवशी तू माही इज्जत वाचवली. मी नालायक माणूस. तू खोटं बोलून..."

"तुमच्यासाठी नाही बोलली मी."

त्यांनी हाताची कणीक खरवडून काढली आणि पहिल्यांदा नवऱ्याकडं पाहिलं.

"मिस्त्रीनं माप घ्यायले मले बोलावलं होतं, हे नईमाभाभीनं सांगितलं मले, वास्तूच्या दिवशी सकाळी. तुमी नाही सांगितलं. दारात सारं माहेर-सासर उभं होतं. त्यायले मी काय सांगू? की नवऱ्यानं माह्यासाठी घर बांधलं, अन् आठ महिन्यात मले एका शब्दानं इचारलं नाही?" त्या पुन्हा परातीकडं वळल्या. "त्याच्यापेक्षा भोळी म्हणलेलं कमी लागते."