सगुण कांसाराने ठोकलेली अक्षरं

डिचोलीच्या बाजारात सगुण कांसाराचा हात तांब्या-पितळेवर बसलेला. गोवा मुक्त झाल्यावर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी भांडी आली, गिऱ्हाईक तिकडे वळलं, तसा तोही जर्मनचे पत्रे ठोकायला शिकला. मराठी तो अक्षरं जुळवून वाचायचा. इंग्रजी त्याच्या लेखी नुसती नक्षी.

एकोणसत्तर साली, शिमगा आटोपल्यावर, एक म्हातारे गृहस्थ दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. बेळगावचे निवृत्त शाळामास्तर, नाव कृष्णनाथ. पाणी पिऊन म्हणाले, "हरमलला कळलं, तिथल्या दत्ताराम मासेमाराने तुम्हांला एक पत्रा विकला होता. त्याच्या जाळ्यात आलेला. पाच वर्षं झाली. आठवतो?"

"आठवता तर! त्याचो टोप केलंय, तो विकलो. उरल्याचा झाकण घरात आसा."

"कशाचा होता?"

"जर्मनचो."

मास्तर दचकले. मग अर्थ ध्यानात येऊन ओशाळं हसले.

त्यांचा धाकटा भाऊ यशवंत महायुद्धात विमान चालवायला शिकत होता. चव्वेचाळीस साली शिकवणाऱ्या साहेबाबरोबर सरावाला समुद्रावर गेला, तो आलाच नाही. तार आली ती 'बेपत्ता' एवढीच. मेला असं कुणी कळवलं नाही, म्हणून आईने पंचवीस वर्षं त्याचं श्राद्ध घालू दिलं नव्हतं. पोर्तुगीजांच्या अमलात इकडे येऊन विचारायची सोय नव्हती.

"पत्र्यावर काही अक्षरं होती?"

"होती. काळी. हातोड्याखाली गेली."

सगुणने कोळसा घेतला आणि फरशीवर आठवेल तसं काढलं. एक पळीसारखं, एक कोयत्यासारखं. मास्तरांनी खिशातून विमानाचा आकडा लिहिलेला कागद काढला. पळी म्हणजे इंग्रजी नऊ असेल, कोयता म्हणजे सात. "पुन्हा काढा," ते म्हणाले. सगुणने पुन्हा काढलं, तर पळीचा दांडा भलत्याच बाजूला गेला. तिसऱ्यांदा कोयता उलटा झाला.

"पत्र्यावर शिंपले चिकटले होते?"

"पांढरा कायतरी होता. शिंपले, नायतर रंग."

आतून विनोदिनीने, त्याच्या बायकोने, त्याला बोलावून घेतलं. "होय म्हणा एकदाचे. म्हातारा माणूस केवढ्या आशेन आला!"

सगुण बाहेर आला. होय हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता. पण मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "मास्तर, खोटा सांगूचंय नाय. माका कळणा नाय."

मास्तरांनी कागद परत खिशात ठेवला आणि म्हणाले, "झाकण द्याल?"

विनोदिनीने भातावरचं झाकण उतरवलं, राखेने घासलं आणि कोरड्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या हाती दिलं.

श्रावणात बेळगावहून पत्र आलं. आईने ते झाकण सकाळी मांडीवर घेतलं आणि दिवसभर खाली ठेवलं नाही. संध्याकाळी आपणच म्हणाली, भटजींना सांगावा धाडा. यशवंतची क्रिया झाली. सगुणने पत्र दोनदा वाचलं. आपण बरं केलं की वाईट, त्याला उमगेना.

दिवाळीनंतर दत्ताराम हंड्याचा कान बसवून घ्यायला आला. बोलता बोलता झाकणाचा विषय निघाला. दत्ताराम म्हणाला, "त्या दिसा मी दोन पत्रे घेऊन निघालेलंय. एक जाळ्यात गावलेलो, एक मोडीत काढलेल्या लाँचीचो. एक तुका दिलंय, एक म्हापशाक."

"माझो खंयचो?"

"देव जाणे. दोनांवरय अक्षरां होती. घासून साफ केल्यार दोनय सारकेच."

सगुणच्या हातातला हातोडा तसाच राहिला. त्या आठवड्यात तो तीनदा पत्र लिहायला बसला. 'मास्तरांस नमस्कार' याच्यापुढे शाई सरकेना. विनोदिनी म्हणाली, "झालेली क्रिया आता मोडतली काय?" त्याने कागद घडी करून फळीवर टाकला.

दोन वर्षांनी मास्तरांनी आई गेल्याचं कळवलं. शांतपणे गेली, असं लिहिलं होतं. सगुणने दुखवट्याच्या चार ओळी धाडल्या. लाँचीचं नाव काढलं नाही. म्हातारपणी मात्र दुकानात कुणी निवांत बसलं, की तो ही हकीकत सगळी सांगायचा, लाँचीसकट, आणि शेवटी ऐकणाऱ्यालाच विचारायचा, "तुका काय वाटता? मी लिवूक होया होता?"

कुणी होय म्हणे, कुणी नाही. सगुणला दोन्ही पटायचं.