वायर काढलेला डिटेक्टर

हे लिहिताना मला भीती वाटत नाही, राग येतो. आमच्या घरात देवघर नव्हतं. अप्पा पत्रकं छापायचे — नवस, ज्योतिषी, अंगात येणं, सगळ्यांविरुद्ध — आणि मी अक्षरं त्याच पत्रकांवर गिरवली. तंजावूरला आम्ही घरी मराठी बोलतो, पण शाळेत शिकतो ते तमिळ; आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारी मी एकटीच मुलगी, कारण महाराष्ट्रातूनही अशी पत्रकं यायची आणि अप्पांना ती कोणीतरी वाचून दाखवायला हवी होती. तेव्हा माझी भाषा कुठे जुनाट वाटली तर चालवून घ्या. पण मला भुताखेतांची आवड आहे असं मात्र समजू नका...

माझे मामा राजवाड्यामागच्या गल्लीत राहतात. ओरत्तनाडूकडची थोडी शेती विकून त्यांनी रंगीत टीव्हीची एजन्सी घेतली. त्या वर्षांत जो तो कसली ना कसली एजन्सी घेत होता. मग परदेशी बनावटीची मोटार आली. मग अमेरिकेतल्या चिरंजीवांनी रडार डिटेक्टर आणला — साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा काळा डबा. त्याची वायर सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायची. पुढे पोलिसांचं रडार असलं की त्यावर लाल दिवे धावतात आणि तो टिवटिवतो. आमच्याकडच्या पोलिसांना वेग मोजायच्या बंदुका तेव्हा नुकत्याच मिळाल्या होत्या. म्हणजे सरकारने वेग पकडायचं यंत्र बाहेरून घेतलं, आणि पैसेवाल्यांनी ते चुकवायचं यंत्रही बाहेरूनच घेतलं. याला प्रगती म्हणत होते.

मामांचे ड्रायव्हर चेल्लय्या, तमिळ, पण आमच्यात राहून मराठी शिकलेले. वयाने अप्पांएवढे. मामा त्यांना अरे-तुरे करायचे आणि ते मामांना मुदलाळी, म्हणजे मालक, म्हणायचे. मी त्यांना अण्णा म्हणायची, आणि ते मला पाप्पा — घरातल्या पोरीला इकडे म्हणतात तसं. त्यांच्या लायसन्सवर आधीच दोनदा शेरा पडला होता, दोन्ही वेळा मामांच्या घाईपायी. पुन्हा सापडलास तर लायसन्स जाईल, असं त्यांना बजावलेलं होतं. गाडी चालवण्याशिवाय दुसरं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

ओरत्तनाडूच्या रस्त्यावर एका वळणाला मुनियांडी या गावदेवाचं ठाणं आहे. वर छप्पर नाही. एक मातीचा घोडा आणि कोयता उगारलेली रंगवलेली मूर्ती. रस्त्याची राखण तो करतो अशी समजूत. इकडचा प्रत्येक ड्रायव्हर तिथे वेग कमी करतो आणि एकदा हॉर्न देतो — दाराशी उभं राहून 'येऊ का' विचारावं तसा. चेल्लय्या अण्णाही द्यायचे. त्या दिवशी ओरत्तनाडूहून परतताना त्यांनी पाय उचलला आणि मामा खेकसले.

"यंत्र आहे न गाडींत? मग त्या मातीच्या बाहुल्यास सलाम कशाला? दुकानांत कंपनीचा माणूस येऊन बसला आहे. दाब."

"मुदलाळी, नुसता पाय उचलायचा असतो."

"पाय उचलायाचा पगार देत नाहीं मी तुज. दाब अजून. डबा गप्प आहे."

मी मागे बसले होते. मामांशी सहमत व्हायची वेळ माझ्यावर क्वचित येते. त्या दिवशी आली — बाहुल्यापुरती.

हॉर्न न देता आम्ही ठाणं ओलांडलं आणि वळणापलीकडे चिंचेखाली पोलीस उभे होते. डिटेक्टर अखेरपर्यंत गप्प. गाडी थांबेपर्यंत मामांनी त्याच्यावर टॉवेल टाकला होता. शिपायाने बंदुकीवरचा आकडा दाखवला. तो खोटा नव्हता.

"मी झोपलो होतो," मामा तमिळमध्ये म्हणाले. "हा पोरगा ऐकतच नाही."

पोरगा! अण्णांच्या मिशा पांढऱ्या होत्या.

"झोपले नव्हते," मी म्हणाले. "तेच सांगत होते, दाब म्हणून."

"ते कोर्टात सांगा, अम्मा. मी चालवणाऱ्याचं नाव लिहितो."

घरी आल्यावर मामांनी विचारलं, "मामाविरुद्ध साक्ष देशील काय ग?"

"खोटं बोललात तर देईन."

"पत्रकं खाऊन वाढलेली पोर. जेवायास मात्र इथें येतेस."

कायद्यात एक कलम आहे: नोकराला मालकाने वेगाने हाकायला लावलं, तर मालकही दोषी. ते मी शोधून काढलं होतं. अण्णांनी खरं सांगायचं, मी दुजोरा द्यायचा. लायसन्स वाचण्याची तेवढी एकच वाट दिसत होती. अण्णा बरेच दिवस हो-नाही करत राहिले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ओरत्तनाडूहून मामींना आणायला आम्ही दोघं निघालो. पोलिसांनी पकडलं त्याच दिवशी मामांनी डिटेक्टर रागाने उपटला होता आणि वायर त्याच्याभोवती गुंडाळून समोरच्या कप्प्यात फेकला होता. तो तिथेच पडून होता.

"एवढंच म्हणायचं, अण्णा. मालकांनी दाबायला सांगितलं."

"म्हणतो की. बायकोला मॅजिस्ट्रेट करून म्हणून पाहिलं. तिने मला दोनदा सोडलं."

वळण आलं. त्यांचा पाय सवयीने उचलला गेला, आणि मग त्यांनी तो परत ठेवला.

"आज हॉर्न नाही. उद्या मोठ्या साहेबापुढे मालकाचं नाव घ्यायचं, मग इथे कशाला परवानगी? काय, पाप्पा?"

ते हसले, मीही हसले. आणि समोरच्या कप्प्यात डिटेक्टर टिवटिवू लागला.

मी कप्पा उघडला. लाल दिवे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होते. वायर गुंडाळलेलीच होती. तिचं टोक मी मुठीत धरलं — थंड धातू, कशालाही न जोडलेला — आणि डबा माझ्या दुसऱ्या हातात ओरडत होता, रडार अगदी अंगावर आल्यासारखा. अण्णांनी ब्रेकवर पाय रोवला. गाडी घोड्यासमोर थांबली आणि आवाज बंद झाला.

पोलीस नव्हते. दोन्हीकडे भाताची शेतं आणि बांधावर चार बकऱ्या. अण्णा उतरले, चपला काढल्या, मूर्तीपुढे हात जोडून उभे राहिले. परत येऊन त्यांनी गाडी सुरू केली. मी खूप बोलले... शिल्लक राहिलेली वीज, उन्हाने तापलेला डबा, सुचेल ते.

कोर्टात त्यांनी हात जोडून सांगितलं, "चूक माझी. मालक झोपले होते."

मी उठले. कारकुनाने बसायला सांगितलं. गुन्हा कबूल केला की साक्षीदार लागत नाही. दंड मामांनी भरला, सगळ्यांना दिसेल असा. लायसन्स मात्र जप्त झालं.

व्हरांड्यात मी विचारलं, "का, अण्णा?"

"काल वाजलं ते तू ऐकलंस की नाही?"

"ऐकलं. पण खोटं बोला असं ते कुठे म्हणालं?"

"मालकाचं नाव घेतो म्हणालो आणि वाजलं. अजून काय सांगायला हवं त्याने, पाप्पा?"

मामा मागेच उभे होते. अण्णांनी सकाळीच त्यांना सारं सांगितलं होतं. "बघितलंस न? मुनियांडीस सगळें कळतें," ते मला मराठीत म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी ठाण्यावर जाऊन नारळ फोडला. मग नवा ड्रायव्हर ठेवला. तो त्या वळणावर हॉर्न देतो, मामांच्या हुकमाने. चेल्लय्या अण्णा आता भाताच्या गिरणीत पोती उचलतात.

डिटेक्टर मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून उघडून घेतला. आत सेल नव्हता, सेल ठेवायला जागाही नव्हती. वीज साठून राहिली असेल का, विचारलं. "इतके दिवस? वायरीशिवाय हा दगड आहे," तो म्हणाला. त्या वळणाला पुन्हा पुन्हा गेले, डबा हातात घेऊन. एकदाही वाजला नाही. पत्रक लिहायला बसते आणि पहिल्या ओळीतच अडते, कारण आमची पत्रकं वाचणाऱ्याला पहिला प्रश्न तोच विचारतात — तुम्ही स्वतः पाहिलंत का, ऐकलंत का?

खुलासा माझ्याकडे आजही नाही. अण्णा मात्र प्रत्येकाला सांगतात, पाप्पाला विचारा, तिच्याच हातात होता तो. मग लोक येतात... ड्रायव्हर, त्यांच्या बायका, एकदा तर ठाण्याचा पुजारीच. पोलिसांसमोर, मामांसमोर, कोर्टात मी जे सांगायला उभी राहिले ते कोणी ऐकून घेतलं नाही. हे ऐकायला लोक दारात उभे असतात. वायर काढलेली होती का, विचारतात.

होती, मी सांगते.

आणि वाजला?

वाजला.