परसातल्या संत्र्याचा ताण

धंतोलीतल्या आमच्या घरामागे संत्र्याचं एक झाड होतं. पानं इतकी काळीशार हिरवी की शेजारणी कुंपणावरून बघून जात. त्याचं श्रेय मी घेत असे. न्हाणीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी स्वतः कुदळ घेऊन चर खणला होता आणि ते थेट बुंध्याशी नेलं होतं. बारा महिने, रोज पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी. सहा वर्षांत त्या झाडाने एक फूल दाखवलं नाही.

ते कलम मी माहेरून, सावनेरकडून आणलं होतं. छोट्या रेल्वेत, रॉकेलच्या डब्यात, मांडीवर धरून. पुढे वडील गेले, भावांनी बाग विकली आणि जो तो आपल्या वाटेला लागला. म्हणजे माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते आमच्या परसात उभं होतं आणि फळत नव्हतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. घरात बोलायला माझ्या सासूबाई पुरेशा होत्या.

यांना त्या जागी विटांची पक्की न्हाणी बांधायची होती. मार्गशीर्षात एक दिवस जेवताना हे म्हणाले, "होळीला पोरं लाकडं मागायला येतील. ते संत्रं देऊन टाकू. बिनकामाचं आहे, नुसतं जागा अडवून उभं."

"हाच न्याय लावला तर तुमची अर्धी कचेरी रिकामी होईल," मी म्हटलं.

हे हसले, पण होळीची मुदत कायम राहिली. तोवर फूल दिसलं तर झाड राहणार, नाहीतर जाणार.

मी दुसऱ्याच दिवशी सावनेरकडून संत्र्याच्या गाड्या घेऊन येणाऱ्यांपाशी निरोप ठेवला. आठवड्याभरात एक म्हातारा बागवान आला. बागा फिरून झाडांची कामं करणं हाच त्याचा धंदा. कमरेला विळा, खांद्यावर लहानशी करवत. त्याने झाडाला दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्या चराशी येऊन थांबला.

"हे पानी कायचं?"

"न्हाणीचं. रोज जातं," मी ऐटीत सांगितलं.

"काहून?"

"का म्हणजे? वाया जाऊ नये म्हणून," मी म्हटलं.

"बाई, याले तुमी रोज सणाचं जेवण वाढून राहिल्या. पोट भरलेलं झाड कायले फुलते? त्याले वाटलं पाहिजे का आता आपलं काही खरं नाही. मंग ते घाईघाईनं फूल काढते."

मला माझीच लाज वाटली. वडिलांच्या बागेत दर हिवाळ्यात पाणी तोडत, मुळं उघडी करत, महिनाभर झाडं सुकत ठेवत. ताण देणं म्हणतात त्याला. लहानपणापासून मी ते पाहिलं होतं. पण बागेतल्या शेकडो झाडांचा नियम परसातल्या एकुलत्या एक झाडालाही लागू असतो, हे डोक्यातच आलं नाही. एकुलत्या एकाचं असंच होतं.

त्याने दिवसभर काम केलं. वाळक्या काड्या कापल्या. बुंध्याशी कलमाच्या खालून दोन काटेरी फांद्या उठल्या होत्या, त्या जंबेरीच्या निघाल्या. जंबेरी म्हणजे ज्या रानटी लिंबावर संत्र्याचा डोळा बांधतात ते. त्याही उडवल्या. खोडाला चुना आणि गेरू लावला, भोवतालची माती ओढून मुळं उन्हाला उघडी केली आणि माझा चर बुजवून टाकला.

"संक्रांतीनंतर येतो. तोवर थेंब दाखवू नका. पानं गळतीन, गळू द्या. दया आली त दुसऱ्या झाडावर करा."

पंधरा दिवसांत पानं मिटली, महिन्यात गळायला लागली. शेजारणी आता वेगळ्या नजरेने बघून जात. सासूबाई मागच्या पायरीवर उन्हाला बसत आणि झाडाकडे बघून मला ऐकवत.

"असं उघडं टाकते का वं कोणी? बाळंतिणीले असं ठेवलं असतं तू?"

"ती बाळंत व्हायची आहे अजून. म्हणूनच ठेवलंय."

मी मुलींना ताकीद दिली, मोलकरणीला दिली, सासूबाईंनाही जरा मऊ शब्दांत दिली. तरी संक्रांतीच्या आधी माझ्या लक्षात आलं की भिंतीकडची बाजू सुकतच नाही. तिकडची पानं टवटवीत आणि खालची माती ओली. मी थेट पायरीवर गेले.

"सासूबाई, झाडाला पाणी कोण घालतं?"

"मले काहून विचारते? माती पाहा ना तिथची."

मी वाकून पाहिलं. ओल्या मातीवर राखुंडीचे काळे शिंतोडे होते.

"आमच्यात राखुंडी कोण लावते?" सासूबाई म्हणाल्या. "माह्या तोंडात दात तरी हायेत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागचं दार उघडून उभी राहिले. हे दात घासत भिंतीशी आले, चूळ भरली आणि उरलेला अख्खा तांब्या सावकाश मुळांवर ओतला.

"फूल येऊ नये म्हणून घालताय ना?" मी विचारलं.

हे दचकले. राखुंडीने तोंड काळं, हातात तांब्या. "फूल येऊ नये म्हणून? अगं, मरून राहिलं होतं ते. रोज सकाळी तोंडासमोर उभं. बघवत नाही."

"तोडायचं तर तुम्हालाच होतं."

"तोडणं वेगळं," हे म्हणाले. "त्याला तहानेलं ठेवायचं आणि त्याच्याच पुढ्यात आपण चुळा भरायच्या, हे वेगळं."

मी तांब्या काढून घेतला. यांचं म्हणणं खरं होतं की न्हाणीसाठी डाव होता, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. हळूहळू खरंच असावं असं वाटू लागलं, कारण तोंड धुवायच्या आधी यांना डाव सुचल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

बागवान ठरल्याप्रमाणे आला. झाड बघून म्हणाला, "अर्धं उपाशी, अर्धं जेवलेलं. या घरात दोघांचं राज्य दिसते." सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्याने शेणखत घातलं, माती पुन्हा चढवली, आळं केलं आणि पहिलं पाणी हलकं, दुसरं भरपूर, असं कसं द्यायचं ते मला दाखवलं. यांच्याकडे बघून तो म्हणाला, "साहेब, आता घाला ना पानी. आता चालते." यांनी निमूट बादली उचलली.

माघाच्या अखेरीला झाड फुललं. तीन बाजूंनी पांढरं आणि भिंतीकडे नुसतं हिरवं. वास स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी पोळ्या लाटता लाटता दोनदा मागे जाऊन आले, कारण नसताना.

होळीला पोरं आली. फुलं गळून मिरीएवढी फळं धरली होती. यांनी पोरांना परसात येऊच दिलं नाही. मोडकी बाज आणि गोठ्याचं जुनं दार देऊन वाटेला लावलं. पक्की न्हाणी पुढे विहिरीच्या बाजूला झाली, ठरवली होती त्याच्या निम्म्या मापाची. आंघोळ करताना कोपर भिंतीला लागे, पण तक्रार कुणी केली नाही.

पुढच्या मार्गशीर्षात मी पाणी तोडलं त्या सकाळी हे तांब्या आणि राखुंडीची डबी घेऊन पुढच्या ओट्यावर जाऊन बसले, भर रस्त्याकडे तोंड करून. शेजारच्यांनी विचारलं, "काय हो, आज इकडे?"

"मागे ताण सुरू आहे," हे म्हणाले. "महिनाभर इकडेच."